नाव मोठ्यानं वाचा!

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या तीन गावांपैकी एका गावाच्या जन्म-मृत्यू नोंदणी ऑफिसात मी क्लार्क आहे. कुठल्या ते विचारू नका, माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. पण कुंदाताई भोईरांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हल्ली कुणी 'सरकारी माणसं कामं करत नाहीत' असं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ताई उभ्या राहतात आणि मी भांडायलाच लागते.

आमच्या ऑफिसात दोन खिडक्या. एक नंबरवर मी, दोन नंबरवर ताई. एक नंबरची रांग भराभर सरकायची, तरी माणसं दोन नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहायची. नवीन माणसाला हे कोडंच वाटायचं. मग दोन नंबरवरून आवाज यायचा, "नाव मोठ्यानं वाचा!" आणि त्याला कळायचं की इथं काहीतरी वेगळं चाललंय.

ताईंची पद्धतच होती ती. दाखला छापण्याआधी अर्जावरचं नाव त्या समोरच्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावायच्या. जन्माचा दाखला असेल आणि बाळ कडेवर असेल, तर पुढची पायरी. खिडकीतून डोकं बाहेर काढून ताई बाळाला त्याच नावानं हाक मारायच्या.

एकदा एक सिंधी आजोबा नातीला घेऊन आले होते. उल्हासनगरात त्यांचं पापडाचं दुकान. ते म्हणाले, "मॅडम, मायरा लिखो. डबल ए लगाना, पंडितजी ने बोला है."

"डबल ए लगाती मैं," ताई म्हणाल्या, "पर पहले हाक मारके देखो ना. बेबी को पसंद है का नाय?"

"हाक मतलब?"

ताईंनी डोकं बाहेर काढलं. "मायराऽऽ! ओ मायराबाय!"

बाळ टकामका बघायला लागलं. मग आजोबांनी हाक मारली, रांगेतल्या दोन बायकांनी मारली, आणि ते चार महिन्यांचं पोर असं काही खुदखुदलं की आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पास हो गया साईं, नाम पास हो गया!" ते रांगेला सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पापडांचं एवढं मोठं पाकीट आलं. ताईंनी ते टेबलावर फोडलं आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक पापड ठेवला. दाखल्यावर तेलाचा डाग पडू नये म्हणून आधी कागद, मग पापड, हा क्रमही ठरवून दिला.

कुंदाताई मूळच्या कुळगावच्या. घरची भातशेती होती, ती इमारतींखाली गेली. बुटक्या, ठसठशीत, कपाळावर मोठी टिकली आणि पायात पुरुषी चपला. बुधवारी डब्यात सुकट असायची. त्या वासावर कुणी नाक मुरडलं तर "तुझ्या नाकाची नोंद करू का, जन्माची की मरणाची?" असं विचारायच्या. बोलणं आमच्यासारखंच, मराठी-हिंदी मिसळलेलं. पण आनंद झाला की गावची बोली उसळून वर यायची, आणि आनंद त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा तरी व्हायचा. जुळं नोंदवायला आलं की आनंद. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेलं मूल आलं की आनंद. कुणी मुलीचं नाव आजीचं ठेवलं की आनंद. "अगो माधवी, बघ बघ, सखुबाई परत आयली!" असं ओरडून त्या मला माझ्या खिडकीवरून उठवायच्या.

मृत्यूच्या दाखल्याला मात्र त्या उभ्या राहायच्या. खुर्ची मागे सरकवायच्या, उठायच्या, कागद दोन्ही हातांनी द्यायच्या. "बसून नाय द्यायचा हा," एवढंच म्हणायच्या. मला हे माहीत आहे, कारण नोकरीला लागायच्या आधी मीच त्या खिडकीपुढं उभी होते. माझे वडील याच ऑफिसात होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांचा दाखला घ्यायला गेले तेव्हा ताईंनी वडिलांचं पूर्ण नाव माझ्याकडून वाचून घेतलं. मी पहिल्या नावावरच अडले. मागं वीसेक माणसांची रांग होती. ताई उभ्याच राहिल्या. मी वाचेपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर वडिलांच्या जागी अनुकंपेवर मला नोकरी मिळाली आणि मी त्यांच्या शेजारच्या खिडकीवर येऊन बसले.

मी आले ती नाइलाजानं. मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यामुळे सुरुवातीला मी खाली मान घालून कागद छापायची. ताईंनी कधी उपदेश केला नाही. एकदा जेवताना मीच विचारलं, "ताई, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"अरे वा, माझ्या मावशीचाही एक जूनच."

"आमच्या आख्ख्या वर्गाचा एक जून," ताई हसत सुटल्या. "मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांना तीच तारीख वाटली. शाळा जूनला सुरू होते ना! आई म्हणायची, तू झालीस तवा दारात वाल सुकत घातलं होतं. आता वाल काय जूनला सुकत घालतात व्हय? मग मी हिवाळ्यातली का उन्हाळ्यातली? अजून माहीत नाय मला."

मी हसले. त्याही हसल्या. मग डब्याचं झाकण लावताना त्या म्हणाल्या, "म्हणून मी पोराची तारीख दोनदा विचारते. माणसं कंटाळतात. कंटाळू देत."

असं सगळं चाललं होतं आणि निकम साहेब आले.

निकम साहेब नाशिककडचे, परीक्षा देऊन थेट अधिकारी झालेले, वयानं ताईंच्या मुलाएवढे. माणूस वाईट नव्हता. उलट काहीतरी करून दाखवायचं म्हणून पेटलेला होता. 'कर्मचाऱ्यांची प्रेरणा आणि कार्यक्षमता' या विषयावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथून ते एक मोठा पांढरा बोर्ड घेऊनच परतले. बोर्ड भिंतीवर लागला. दोन रकाने. क्लार्कचं नाव आणि दिवसभरात दिलेले दाखले. महिनाअखेरीला ज्याचा आकडा मोठा, त्याचा फोटो बोर्डाशेजारी.

पहिल्या महिन्यात फोटो माझा लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं. ताईंचा आकडा माझ्या निम्म्यालाही पोचला नव्हता. दुसऱ्या महिन्यातही तेच. साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, तुम्ही सीनिअर आहात. पण दाखला द्यायला तुम्हाला एवढा वेळ लागतो कसा?"

"नाव वाचून घेते साहेब."

"ते अर्जावर असतंच की."

"अर्जावर काय लिहिलंय ते माणसाला ठाऊक नसतं साहेब. बऱ्याच वेळा दुसऱ्यानं लिहून दिलेलं असतं."

"ती अर्जदाराची जबाबदारी आहे. आणि हाका मारणं वगैरे... हे ऑफिस आहे, मॅडम."

त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ताईंना 'सरासरीपेक्षा कमी' असा शेरा मिळाला. सरकारी नोकरीत हा अहवाल म्हणजे वर्षभराचं प्रगतिपुस्तक, बढती त्याच्यावर ठरते. ताईंची बढती तोंडावर आली होती. हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेरा वाचून त्यांनी कागद चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि खिडकीवर येऊन बसल्या.

पुढचे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. ताई दाखले छापत होत्या. अर्ज घे, छाप, शिक्का, पुढचा. कुणाला नाव वाचायला लावलं नाही. कुणाला हाक नाही. मृत्यूचा दाखला मात्र त्या तेव्हाही उठूनच देत होत्या, तेवढं त्यांच्या हातून सुटेना. पहिल्या दिवशी बोर्डावर त्यांचा आकडा माझ्या वर गेला. तिसऱ्या दिवशी बुधवार होता आणि डब्यात सुकट नव्हती. साहेब जाता जाता "व्हेरी गुड, मॅडम!" म्हणाले. ताईंनी मान हलवली. मला रडू यायला लागलं. रांगेतली नेहमीची माणसं एकमेकांना विचारत होती, "मॅडमला बरं नाही का?"

चौथ्या दिवशी हिराबाई आली.

बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची ठाकर बाई. सोबत तेरा वर्षांची मुलगी, काटक, पायात स्लिपर, सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर उभी राहणारी. ही रोहिणी. शाळेच्या स्पर्धेत धावताना कुणा मार्गदर्शकांनी तिला बघितलं होतं आणि सरकारच्या निवासी क्रीडा शाळेसाठी तिची निवड झाली होती. खाणं, राहणं, शिक्षण, धावायचं प्रशिक्षण, सगळं तिथेच. फक्त वयाच्या पुराव्याला जन्माचा दाखला पाहिजे होता आणि कागदपत्रं तपासायची तारीख होती परवाची.

त्या दोघी माझ्या खिडकीवर आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. मी कॉम्प्युटरवर 'मेंगाळ' आडनाव टाकून बघितलं होतं. सापडलं नव्हतं. दोन्ही वेळा मी त्यांना 'नोंद आढळली नाही' असं सांगून पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा माझं काम मिनिटभरात झालं होतं. आता हिराबाई ताईंच्या खिडकीवर उभी होती.

"नोंद नाही म्हणाल्या त्या," हिराबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "पर पोर इथल्याच सरकारी दवाखान्यात झाली बाय. म्या काय खोटं सांगू?"

ताईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं. मागच्या रांगेकडे बघितलं. मला वाटलं, त्या आता 'पुढचा' म्हणणार. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांची नजर त्या पोरीच्या पायांवर गेली. पोर जागच्या जागी टाचा उचलत होती.

"कधी झाली गो ही?" ताईंनी विचारलं.

"भाताची कापणी चालली व्हती."

"तारीख?"

"तारीख कशी सांगू? कापणी अर्धी झाली व्हती."

"बरं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कोण होतं?"

हा प्रश्न मी जन्मात विचारला नसता. हिराबाईचा चेहरा एकदम उजळला. "एक शिंधीण व्हती. जुळं झालं तिला, दोन्ही पोरगेच. मोठ्या दवाखान्यात न्यायला येळच नाय भेटला म्हन. तिच्या सासूनं आख्ख्या वार्डाला पेढे वाटले. मलाबी दोन दिले, जुळ्यांचे दोन!"

ताई खुर्चीवरून उठल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "माधवी, खिडकी सांभाळ! जुळे शोधायचेत!"

रेकॉर्ड रूम म्हणजे मागची लांबट खोली. लोखंडी मांडण्या, जुनी रजिस्टरं, धूळ. ताईंनी तेरा वर्षांपूर्वीची कापणीच्या महिन्यांची दोन रजिस्टरं ओढून काढली आणि खाली बसकण मारली. पाच मिनिटांत साहेब आले. "मॅडम, दोन नंबर रिकामी का?"

"साहेब, बरं झालं आलात. हे एक तुम्ही घ्या. एकाच दिवशी, एकाच आईला दोन मुलगे, आडनाव सिंधी. बघा पटकन."

साहेब काहीतरी बोलणार होते. दारात हिराबाई आणि रोहिणी उभ्या होत्या. रोहिणीच्या हातात निवडीचं पत्र होतं, पाण्यात भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेलं. साहेबांनी ते घेतलं, वाचलं, पुन्हा पिशवीत घालून तिला दिलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि रजिस्टर उघडलं.

माझ्यानंही राहवेना. रांगेला सांगितलं, "दहा मिनिटं थांबा, एका पोरीचा जन्म शोधतोय." आणि गंमत सांगते, कुणी कुरकुरलं नाही. उलट पुढची चार माणसं रेकॉर्ड रूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही पानं उलटत होतो आणि बाहेरून चौकशी चालू होती, "मिला क्या? मिला क्या?"

जुळे साहेबांना सापडले. "हे बघा! एकच आई, दोन मुलगे, दहा मिनिटांचं अंतर!" ते एवढ्या जोरात ओरडले की स्वतःच दचकले.

ताईंनी रजिस्टर ओढून घेतलं. बोट जुळ्यांच्या नोंदीवरून खाली सरकलं. पुढची नोंद. स्त्री. बाळाचं नाव कोरं. आईचं नाव हिराबाई. वडील काळूराम. आणि आडनाव, मंगलानी.

मग ताईंनी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. बारवीच्या बाजूचा तोच पाडा. तेव्हाच्या लिहिणाऱ्यानं दिवसभर सिंधी आडनावं लिहिली असणार, वर नुकतेच जुळे लिहिलेले, 'मेंगाळ' त्याच्या कानात 'मंगलानी' होऊन शिरलं आणि तसंच कागदावर उतरलं.

"गावलीऽऽ! गावली गो बाय, गावली!" ताई रजिस्टर छातीशी धरून उभ्या राहिल्या. "हिराबाय, तेरा वर्सं शिंधीण होतीस गो तू, तुला पत्ता तरी होता का?"

"म्या शिंधीण?" हिराबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसता हसता मटकन खालीच बसली. बाहेरचा एक सिंधी माणूस म्हणाला, "तो क्या हुआ, अपनी ही बेटी है! दौडने दो उसको!"

पुढचं काम सोपं नव्हतं. आडनाव दुरुस्त करायचं तर दुसरा पुरावा हवा. ताई स्वतः रिक्षा करून दवाखान्यात गेल्या, तिथली तेव्हाची नोंदवही काढायला लावली. तिथे 'मेंगाळ' स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याची सही-शिक्क्याची प्रत आणली. साहेबांनी दुरुस्तीच्या शेऱ्यावर सही केली, मुलीच्या नावाचा कोरा रकाना भरून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दाखला तयार झाला.

ताईंनी तो खिडकीत धरला आणि डोकं बाहेर काढलं. "नाव मोठ्यानं वाच."

रोहिणी लाजली. मग एका दमात म्हणाली, "रोहिणी काळूराम मेंगाळ."

"ओ रोहिणीऽऽ!" ताईंनी हाक मारली.

"काय?" पोरीनं गोंधळून विचारलं, आणि अख्खी रांग हसली. केबिनच्या दारात उभे असलेले निकम साहेबही हसले.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटताना साहेब बोर्डापुढं बराच वेळ उभे होते. ताई पिशवी घेऊन निघाल्या तशी त्यांनी विचारलं, "मॅडम, बोर्ड काढून टाकू का?"

"कशाला? चांगला बोर्ड आहे," ताई म्हणाल्या. "एक रकाना वाढवा. किती माणसं चूक दुरुस्त करायला परत आली, ते पण लिहा."

साहेबांनी खरंच तिसरा रकाना आखला. महिनाभरात माझ्या नावापुढं एकेचाळीस माणसं परत आलेली दिसली. ताईंच्या नावापुढं दोन. बोर्डाशेजारचा माझा फोटो मी स्वतःच काढून टाकला. त्यानंतर मीही नावं मोठ्यानं वाचून घ्यायला लागले. आधी लाज वाटायची. मग एकदा एका बाईनं वाचता वाचता "अय्या, हे तर माझ्या नणंदेचं नाव लिहिलंय!" म्हटलं, आणि आम्ही दोघी टाळी देऊन हसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही नोकरी माझी आहे.

पण सगळं गोड झालं असं नाही. गोपनीय अहवाल वर गेला होता. साहेबांनी नंतर शेरा बदलावा म्हणून पत्र लिहिलं, ताईंनीही अर्ज केला. वरून उत्तर आलं नाही. हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. ताई सीनिअर क्लार्क म्हणूनच निवृत्त झाल्या. मी विचारलं होतं एकदा, "ताई, वाईट वाटलं का?"

"वाटलं गो," त्या म्हणाल्या. "लय वाटलं. हेडक्लार्कच्या खुर्चीला हात असतात, आमच्या खुर्चीला नसतात. मला हातवाल्या खुर्चीत बसायचं होतं." आणि मग नेहमीचं मोठं हसू. "पण त्या तीन दिवसांत मला जे झालं ना, ते परत नको. घरी जाऊन पोरावर ओरडत होते. जेवण गोड लागत नव्हतं. हातवाली खुर्ची असती आणि रोज तसं असतं, तर काय उपयोग?"

रोहिणीचं पत्र मधून मधून ऑफिसात येतं. अजून 'कुंदा मॅडम, खिडकी नंबर दोन' असाच पत्ता लिहिते. शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं की तिथले सर फार ओरडतात आणि दूध रोज मिळतं.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते परवाच. मी रजेवर होते, डोंगराकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर भाजी घेत उभी. चार वाजून गेले होते. एकदम लोक बाजूला व्हायला लागले. समोरून एक लाल स्कूटर येत होती, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पुढं 'एल' लिहिलेला पुठ्ठा बांधलेला. आणि हँडल घट्ट धरून, डोळे रस्त्यावर रोखून, कुंदाताई! साठीला टेकलेल्या, डोक्यावर हेल्मेट, पायात त्याच चपला. मागच्या सीटवर पाड्यावरची एक तरुण बाई, एका हातानं ताईंची कंबर धरलेली, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं तान्हं.

"बाजू व्हा रे!" ताई ओरडत होत्या. "ब्रेक नवीन शिकलेय! आज एकविसावा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होते!"

जन्माची नोंद एकवीस दिवसांत केली की सोपी असते, नंतर माणसाला चकरा. घरी झालेल्या बाळांचं तेच होतं, कुणी सांगायला जात नाही म्हणून. निवृत्तीनंतर ताई काय करत असतील याचं उत्तर मला तिथे रस्त्यावर मिळालं. मी "ताईऽऽ" म्हणून हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. मान वळवली असती तर पडल्याच असत्या.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ऑफिसला फोन लावला. "पाचला बंद करू नकोस," मी सांगितलं. "ताई येतायत."

स्कूटर तोवर पुढच्या वळणावर पोचली होती. वळताना दोघी एका बाजूला एवढ्या कलल्या की भाजीवाल्यानं डोळे मिटले. मग त्या सावरल्या, ताईंनी विनाकारण लांबलचक हॉर्न वाजवला, आणि दिसेनाशा झाल्या.